अकरा माशांची टाकी

ललितच्या पुण्यानुमोदनाला आमच्या घरी तेवीस मासे आले. माणसं किती आली ते कुणी मोजलं नाही. मासे मी मोजले, कारण ते माझ्या डोळ्यांदेखत टाकीत पडत होते.

सुरुवात पायलपासून झाली, पण चूक तिची नाही. पायल आमची मुलगी, अमरावतीला फार्मसी करते. तिनं घरच्या ग्रुपवर बाबा गेल्यानंतरच्या या कार्यक्रमाचा निरोप टाकला आणि शेवटी आमच्यात सगळेच टाकतात ती ओळ टाकली : हार-फुले, शाल आणू नये, वही-पेन आणावे. ओळ चांगली आहे. फोटोवर पन्नास हार चढवून दुसऱ्या दिवशी ते उकिरड्यावर फेकण्यापेक्षा वस्तीतल्या पोरांना वह्या मिळालेल्या बऱ्या. पण खुशालराव काकाजी म्हणजे ललितचे चुलते, दर्यापूरचे निवृत्त ग्रामसेवक. दुसऱ्यानं लिहिलेल्या ओळीखाली आपली ओळ घातल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. त्यांनी खाली लिहिलं, 'वही-पेन त आनाच. पन आपल्या ललितले मासोया लय आवडे. ज्याले जमन त्यानं एक मासोई आनावी.' त्याखाली साठ जणांनी हात जोडले.

तो निरोप मी वाचला होता. एक फोन करून 'काकाजी, नका' म्हणायला मिनिटही लागलं नसतं. मी फोन उलटा ठेवला आणि कपडे वाळत घालायला गेले. त्या दिवसांत मला काहीच वाटत नव्हतं. लोक म्हणायचे, नीलम फार खंबीर. खंबीर कसली, मी बधिर झाले होते. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला आहे की दुसऱ्याचा हे कळत नाही ना, तसं आख्खं अंग झालं होतं. ललित मंगळवारी शाळेतून आला, चप्पल काढली, पाणी मागितलं आणि मी पाणी आणेपर्यंत संपला होता. तेव्हापासून मी एकदाही रडले नव्हते, आणि घरात येणारी प्रत्येक बाई आधी माझे डोळे तपासून मगच बसत होती.

ललित जुन्या शहरातल्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होता. मी पोस्टात काउंटरला. नवऱ्याला मी नावानंच हाक मारायचे आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, ते चोवीस वर्षं खुपलं. घरात दोन खोल्या, मागं न्हाणी, न्हाणीशेजारी पाण्याचे दोन ड्रम, कारण अकोल्यात नळाचा काही भरवसा नाही. बाहेरच्या खोलीत दोन फूट लांब आणि फूटभर रुंद अशी काचेची टाकी. घरात ललितचं चालायचं ते तेवढ्याच टाकीत. बाकी माझं चालायचं.

टाकीत अकरा मासे. नऊ वर्षं अकराच. वर एक गोरामी, मध्ये सहा झेब्रा, खाली वाळू हुंगत फिरणारे चार कोरी. ललित म्हणायचा, "पाहा, तीन मजली घर हाय. कोनी कोनाच्या मजल्यावर जात नाई म्हून भांडन नाई." कुणी पाहुणा म्हणाला की एवढी जागा आहे, अजून दोन-चार टाका, तर हा शाळेतल्या पोरांना सांगावं तसं सांगत बसायचा. गोल्डफिश नको, तो घाण फार करतो आणि त्याला पाणी गार लागतं. टायगर बार्ब नको, तो गोरामीच्या मिशा कुरतडतो. फायटर तर एकटाच बरा. झेब्रा सहापेक्षा कमी ठेवले तर ते भेदरतात, एकमेकांना टोचतात. आणि काहीही झालं तरी अकरावर बारावा नाही, कारण जागा डोळ्यांना दिसते तेवढी नसते. त्यांना श्वास त्याच पाण्यातून घ्यायचा असतो आणि घाणही त्यातच करायची असते. हे सगळं मला पाठ होतं. स्वयंपाक करता करता ऐकून झालेलं पाठांतर, पण पाठ होतं.

बाजारातून कुणी मासळी आणली तर ललित त्या दिवशी भाकरी-मिरची खायचा. एका लग्नात त्याच्या पानात माशाचा रस्सा पडला तेव्हा तो पान सोडून उठला होता. मला वाटायचं, पाळतो म्हणून खात नाही. कुत्रं पाळणाऱ्याला कुत्र्याची दया, तसं.

तर पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजींनी वंदना घेतली, दोन शब्द बोलले, जेवणं झाली आणि मग पिशव्या बाहेर निघाल्या. पाणी भरून, रबर लावून फुगवलेल्या पिशव्या. खिडकीच्या गजांना टांगलेल्या, दिवाणावर ठेवलेल्या, एक तर पायलच्या चुलतबहिणीच्या मांडीवर लहान मूल धरावं तशी. खुशालराव काकाजींनी स्वतःचा गोल्डफिश आधी सोडला, पोराच्या तळहाताएवढा. फोटो काढला. मग एकेक जण पुढं आला. फोटोला हात जोडायचे, पिशवीचं रबर काढायचं आणि टाकीत ओतायचं. बुद्धविहारात फूल वाहावं इतक्या भक्तीनं ओतत होते. गोल्डफिश आठ. टायगर बार्ब पाच. निळा फायटर एक. मोली सहा, त्यातल्या दोन गाभण. आणखी दोन कसलेसे, ज्यांना ललितनं घराच्या आसपास फिरकू दिलं नसतं.

मी दाराला टेकून पाहत होते. प्रत्येक पिशवीला मला कळत होतं की हा चालणार नाही. तोंडापर्यंत शब्दही येत नव्हता. जो सांगणारा होता तोच नाही, तर माशांचं काय, असंही मनात आलं नाही. काहीच आलं नाही. पायल माझ्याकडे पाहत होती, आणि मी तिला चहाचं पाहायला आत पाठवलं.

सगळ्यात शेवटी आत्याबाई आल्या. जाईबाई, वय शहात्तर. लेकाला निरोप दिल्यावर चौथ्या दिवशी त्या दर्यापूरला कपडे आणायला गेल्या होत्या, कारण आता त्या इथंच माझ्याजवळ राहणार असं चार मोठ्या माणसांनी ठरवलं होतं. मला कुणी विचारलं नाही, त्यांनाही विचारलं नसावं. त्या काळीपिवळी जीपमध्ये मांडीवर स्टीलची बादली घेऊन आल्या. बादलीच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. फडकं सोडलं तर आत एक मांगूर. काळा, वीतभर, मिशांचा, बाजारात तराजूवर वळवळतो तो. कुणीतरी हसलं. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी त्याला उचललं, टाकीत सोडलं आणि पदरानं हात पुसून भिंतीला टेकून बसल्या.

म्हणजे अकरा आणि तेवीस. चौतीस मासे दोन फुटांत.

दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं झालं. एप्रिलचं ऊन, पत्रा तापलेला. एरवी ललित दुपारी बर्फाची बाटली टाकीत तरंगत ठेवायचा. मी ठेवली नाही. सगळे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. तिसऱ्या दिवशी काकाजींचा गोल्डफिश पोट वर करून दिसला. मी चहाच्या गाळणीनं तो काढला आणि दारच्या कडुलिंबाच्या बुडाशी पुरला. त्यानंतर रोज सकाळी तेच. दात घासायचे, गाळणी घ्यायची, कडुलिंबाकडे जायचं, आंघोळ करून पोस्टात जायचं.

काकाजींचा एक दिवसाआड फोन.

"काय मंग सूनबाई, माह्या गोल्डफिश कसा हाय?"

"बरा हाय, काकाजी."

"मोठा झाला अशीन."

"हो, झाला."

खोटं बोलायलाही काही वाटत नव्हतं.

आत्याबाई दिवसभर टाकीपुढं चटई टाकून बसायच्या. आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलायचो. मीठ कुठं, दूध तापवलं का, एवढंच. चोवीस वर्षं मध्ये ललित होता म्हणून आमचं निभलं. तो इकडचं तिकडं जाऊ द्यायचा नाही. आता मध्ये कुणी नव्हतं, पण भांडायलाही मला जोर नव्हता. त्या कणकेच्या गोळ्या करून मांगुराला घालायच्या. तो दगडाआडून येऊन गोळी गिळायचा. त्याला घाण पाण्याचं काही नव्हतं. तो अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घ्यायचा आणि परत खाली. बाकीचे मरत होते, तो जाड होत होता.

आठवडाभरानं माझ्या ध्यानात आलं की झेब्रा चारच आहेत. मेलेले वर येतात, हे दोन वर आले नव्हते. दुसऱ्या दिवशी तीन. मग कोरीतला एक नाही. फायटर नाही. गाळणी कोरडी आणि मासे कमी. कोण खातं हे मला कळलं. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या मांगुराला हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. मी पोस्टात निघून गेले.

झेब्रा दोन उरले तेव्हा मात्र मला काउंटरवर बसवेना. एका म्हाताऱ्यानं पुढं केलेलं पार्सल मी तीनदा वजनकाट्यावर ठेवलं आणि तिन्ही वेळा आकडा वाचलाच नाही. डोळ्यांसमोर ते दोन झेब्रा. सहापेक्षा कमी झाले की भेदरतात. ते काचेच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे असायचे. त्या टाकीतलं ललितनं ठेवलेलं एवढंच शिल्लक होतं, गोरामी, दोन झेब्रा, तीन कोरी, आणि तेही मी बघता बघता जाऊ देत होते. मला भीती वाटली. किती दिवसांनी काहीतरी वाटलं, तर ती भीती.

मी अर्धी रजा टाकली आणि बंडूभाऊच्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. ललित दर रविवारी तिथं बसायचा. बंडूभाऊनं मला पाहून स्टूल पुसलं.

"वैनी, मीच येनार होतो. पन तोंड कसं दाखवू? त्या आठवड्यात माह्याकडून एकवीस मासे गेले. जो तो म्हने, ललितभाऊसाठी द्या. मले काय मालूम का सारे एकाच टाकीत चालले म्हून? मले वाटलं लोकं आपापल्या घरी पाळतीन, त्याच्या नावानं."

"किती मेले ते विचारू नका," मी म्हटलं. "आता सांगा काय करू."

"जे उरले ते मले आनून द्या. बार्ब, मोली, जे असन ते. मी त्याहिले बरोबर ठेवतो. अर्धं पानी बदला, मुरवलेलं, म्हंजे आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. पन वैनी, झेब्रा कमी होऊन राह्यले म्हंता, थे कोन खाते? बार्ब त असा गिळत नाई."

"मांगूर हाय."

बंडूभाऊनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "मांगूर कोनं टाकला?"

"त्याच्या मायनं."

त्यानं मान हलवली. "मंग मी काय सांगू. पन मांगूर राह्यला त आठ दिवसात टाकीत तोच राहीन."

घरी येऊन मी उरलेले बार्ब आणि मोली जाळीनं पिशवीत भरले आणि शेजारच्या स्वप्निलच्या स्कूटरवरून बंडूभाऊकडे पाठवले. ते कुणाकुणाचे होते ते विसरायचं ठरवलं. उरला मांगूर. आत्याबाई चटईवर होत्या, हातात कणकेची गोळी. मी जाळी घेऊन त्यांच्या शेजारी बसले. चोवीस वर्षांत मी त्यांच्या चटईवर बसले नव्हते.

"आत्याबाई, याले काढा लागते."

"काहून?"

"हा मासोया खाते. ललितच्या. चार झेब्रा खाल्ले यानं, एक कोरी खाल्ली."

त्यांनी गोळी खाली ठेवली. मला वाटलं आता सुरू होणार : माझ्या लेकासाठी आणलेलं तुझ्या डोळ्यात खुपतं, तुला तर त्याच्या नावाचीही अदब नव्हती. मी तयार होते. पण त्या टाकीकडेच पाहत बोलायला लागल्या.

"सात वर्साचा होता ललित. आपल्या दर्यापूरच्या चंद्रभागेच्या डबक्यातून मांगूर धरून आनला होता त्यानं. रांजनात ठेवला. शाळेतून आला का दप्तर टाकाच्या आंधी रांजनाचं झाकन काढे. आपल्या भाकरीतली भाकर त्याले घाले. चार मयने ठेवला. मंग एक दिवस माह्या भाऊ आला अंजनगावहून, भर दुपारचा. घरात काईच नवतं, डब्यात तुरीची डाय नाई. मी रांजनातला मांगूर काढला अन् रस्सा केला."

मी जाळी खाली ठेवली.

"शाळेतून आला, झाकन काढलं. मी चुलीपाशी होती. माह्याकडे पाह्यलं, पन बोलला काईच नाई. रडला असता त बरं झालं असतं. दोन दिवस जेवला नाई. अन् मासोई मंग जलमभर तोंडात घातली नाई. मले वाटे, लहान होता, विसरला असन. मंग तुमच्या घरी हे टाकी पाह्यली नं तवा समजलं का विसरला नाई." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "जित्तेपनी एक आनून द्याचं सुचलं नाई मले. खुशालनं मोबाइलवर सांगतलं तवा म्हटलं, न्यावा."

टाकीत मांगूर वर आला, हवा घेतली आणि दगडाआड गेला.

"अन् तू म्हंते का थो त्याच्या मासोया खाऊन राह्यला." त्या सावरून बसल्या. "काढ. आत्ताच काढ. त्यानं पाळलेलं कितीदा मारू मी?"

हे ऐकल्यावर मला गप्प बसवलं नाही. "तुमी नाई मारलं," मी म्हटलं. "मले पयल्या दिवशीच मालूम होतं. एकेक पिशवी ओतत होते तवाच. त्यानं मले सारं शिकवलं होतं. मी दारात उभी राहून पाहत राह्यली, बोलली नाई. हा मांगूर खाते हेई आठ दिवसापासून मालूम होतं."

आत्याबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे तपासायला नाही, तोंडाकडे पाहतात तसं.

"मलेई मालूम होतं," त्या म्हणाल्या. "त्या रश्शाले फोडनी देतांनी. हात थांबला नाई, बस."

मग आम्ही उठलो. मी जाळी धरली आणि त्यांनी बादली. मांगूर जाळीत येईना, शेवटी आत्याबाईंनी बाही वर करून हातानंच धरला, काटा लागला तरी सोडला नाही. मागं न्हाणीशेजारच्या एका ड्रममध्ये आम्ही त्याला सोडलं. दोन ड्रमांतला एक गेला. आता पाणी येईपर्यंत एकाच ड्रमावर काढायचं, भांडी-कपडे जपून. आत्याबाई म्हणाल्या, "माह्या आंघोयीचं राहू दे दोन दिवस." मी म्हटलं, "काही नाई, पुरवू." ड्रमावर लाकडी फळी ठेवली आणि त्यावर दगड. एक आवाज आला, मांगूर हवेला वर आला असणार. आत्याबाईंनी फळी थोडी बाजूला सरकवून आत पाहिलं आणि परत झाकली.

बाहेर येऊन मी टाकीतलं अर्धं पाणी काढलं, बादलीत ठेवलेलं कालचं पाणी हळू ओतलं आणि बर्फाची बाटली तरंगत ठेवली. गोरामी त्याच्या मजल्यावर. कोरी खाली. दोन झेब्रा कोपऱ्यात. बंडूभाऊनं सोमवारी चार झेब्रा द्यायचं कबूल केलं होतं, म्हणजे सहा होतील.

तेवढ्यात फोन वाजला. खुशालराव काकाजी.

"काय मंग सूनबाई, माह्या गोल्डफिश कसा हाय?"

मी टाकीकडे पाहत होते. 'बरा हाय' ओठांवर आलंच होतं. पण आत्याबाई शेजारी उभ्या होत्या, हाताला काट्याच्या जागी रक्त, आणि मला एकदम खोटं बोलायचा कंटाळा आला.

"मेला, काकाजी," मी म्हटलं. "तिसऱ्या दिवशीच मेला."

आणि तो शब्द तोंडातून निघाल्यावर मला रडू फुटलं. त्या मंगळवारपासून मी 'गेला' म्हणत होते, 'नाही राहिला' म्हणत होते. मेला म्हटलं नव्हतं. उभं राहवेना. मी टाकीपुढच्या चटईवर बसले, फोन कानाला तसाच, आणि लहान मुलासारखी हुंदके देत राहिले. आत्याबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ओला, माशाच्या वासाचा.

काकाजी तिकडं घाबरले. "अवं, रडू नको, रडू नको. एका मासोईसाठी इतकं? मी दुसरा आनतो न. रविवारीच आनतो, याहून मोठा."

"नका आणू, काकाजी," मी म्हटलं.

"काहून? जागा नाई काय?"

"जागा हाय," मी म्हटलं. "पण आणू नका."